लोखंडी सळई आणि बॉगखालची शेतं

डब्लिनहून मेयो काउंटीतल्या बॅलिनाला रेल्वेनं जायचं तर मनुला जंक्शनला गाडी बदलावी लागते. या स्टेशनात गाडी बदलणं सोडून दुसरं काहीच करता येत नाही. फलाटाच्या दोन्ही बाजूंना कुरणं, मेंढ्या आणि पाऊस. बॅलिना मॉय नदीच्या काठावर, सामन माशांसाठी नावाजलेलं. रेल्वे तिथं संपते. तिथून मी भाड्याची मोटार घेतली आणि किलाला, बॅलीकॅसल असा अटलांटिकच्या कडेकडेनं निघालो. किलालाजवळ किलकमिनच्या किनाऱ्यावर 1798च्या ऑगस्टमध्ये जनरल हंबेर फ्रेंच फौज घेऊन आयरिश बंडखोरांच्या मदतीला उतरला होता. या भागात ती गोष्ट कालपरवा घडल्यासारखी सांगतात. मला मात्र तिच्याही पाच-साडेपाच हजार वर्षं मागं जायचं होतं, केजे फील्ड्स या बॉगखाली गाडल्या गेलेल्या शेतांपाशी.

बॅलीकॅसलला ज्यांच्या घरी उतरलो, त्या आजीबाईंनी मी मुंबईचा म्हटल्यावर लगेच विचारलं, "म्हणजे लिओ वराडकरांच्या गावचे का?" आयर्लंडच्या या माजी पंतप्रधानांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड, तेव्हा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. सकाळी न्याहारी वाढताना त्या म्हणाल्या, "केजे फील्ड्सला जाताय ना? तिथं बघण्यासारखं काही नाही. सगळं खाली आहे." इतकं नेमकं वर्णन मला पुढं कुठल्याच माहितीपुस्तकात मिळालं नाही.

गावापासून पश्चिमेला आठेक किलोमीटरवर रस्ता समुद्राला खेटतो. डाव्या हाताला उतारावर एक पिरॅमिड दिसतो, खाली दगड आणि मातीचा, टोकाला काचेचा. हे 1993 साली उघडलेलं अभ्यागत केंद्र. उजव्या हाताला जमीन एकदम तुटते आणि सुमारे 110 मीटर खाली लाटा आपटत असतात. त्या कड्याचे वालुकाश्म, शेल आणि चुनखडीचे थर तीस कोटी वर्षांहून जुने. केंद्राच्या मागं मात्र नजर पोचेल तिथवर तपकिरी माळ पसरलेला. हीदरची झुडपं, पांढरे तुरे मिरवणारं कापूसगवत, किडे खाणारी इवलीशी दवबिंदू वनस्पती. पायाखालची जमीन दबते आणि पाऊल उचललं की सावकाश वर येते. हाच तो बॉग. इथं जमीन सतत भिजलेली असते, शेवाळ आणि गवत मेलं तरी नीट कुजत नाही, एकावर एक साचत जातं. हजारो वर्षांत त्याचा थर कुठं हातभर होतो, तर कुठं दोन-तीन पुरुष खोल.

हाच थर कापून, वाळवून इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या चुलीत घालत आले. त्याला ते टर्फ म्हणतात, आणि तो कापायच्या पंख असलेल्या फावड्याला स्लेन. बॉगखालच्या शेतांच्या शोधाची सुरुवात या टर्फ कापण्यातूनच झाली. इथून पश्चिमेला सात-आठ किलोमीटरवर बेल्डेरिग नावाची वस्ती आहे. तिथल्या शाळेवर पॅट्रिक कॉलफील्ड मास्तर होते. 1930च्या दशकात टर्फ कापताना त्यांच्या लक्षात आलं की थराच्या पार तळाशी दगड लागतात, आणि ते दगड विखुरलेले नाहीत, एकावर एक रचलेले आहेत. दगड तर टर्फ कापणाऱ्या प्रत्येकाला लागत होते. बहुतेकांनी ते बाजूला फेकले. मास्तरांनी विचार केला की बॉगच्या खाली ज्या अर्थी भिंत आहे, त्या अर्थी ती बॉग वाढण्याआधी कुणीतरी घातली असणार, म्हणजे ती अतिप्राचीन असणार. त्यांनी डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयाला तसं पत्र लिहिलं. त्यातून तेव्हा फारसं काही निष्पन्न झालं नाही.

मास्तरांचा मुलगा शेमस. तो पुरातत्त्व शिकला आणि पुढं युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमध्ये प्राध्यापक झाला. त्या काळी आयर्लंडच्या प्रागितिहासाचा अभ्यास म्हणजे मुख्यतः थडग्यांचा अभ्यास होता. त्याच विद्यापीठातले रुईरी डी व्हलेरा हे महापाषाणी थडग्यांचे मोठे जाणकार, देशाचे नेते एमन डी व्हलेरांचे चिरंजीव. 1963-64 मध्ये त्यांनी शान ओ नुआलाँ यांच्याबरोबर इथल्याच बेही गावठाणात एक थडगं उकरलं. मेलेल्यांची घरं अशी एकामागून एक नकाशावर येत होती. पण ते लोक जगत कसे होते? शेत कुठं, गुरं कुठं, चूल कुठं? शेमस कॉलफील्ड यांनी आपली कारकीर्द या प्रश्नाला वाहिली, आणि त्यासाठी ते वडिलांच्या गावालाच परतले.

त्यांचं साधन ऐकलं तर हसू येईल. एक लांब, बारीक लोखंडी सळई. बॉगमध्ये पुरलेली जुनी लाकडं हुडकायला गावकरी अशीच सळई वापरत. आमच्या गटाबरोबर आलेल्या गाईड मुलीनं ती माझ्या हातात दिली. सळई विनासायास आत जाते, आवाजसुद्धा होत नाही. मग एकदम ठक्! दगड. थोडं सरकून पुन्हा टोचायची, आता ती आणखी खोल गेली, म्हणजे इथं भिंत नाही. दगड लागेल तिथं बांबूची काठी रोवायची. तासाभरात काठ्यांची एक रांग माळावर उभी राहते आणि खालच्या भिंतीचा आराखडा वर दिसायला लागतो. खणायला नको, मोडतोड नाही, खर्च जवळजवळ शून्य. कॉलफील्ड, त्यांचे विद्यार्थी आणि सहकारी यांनी 1970 पासून पुढं वर्षानुवर्षं हेच केलं. पुरातत्त्वात कारकिर्दी सहसा सापडलेल्या वस्तूंवर उभ्या राहतात. ही न उकरलेल्या जमिनीवर उभी राहिली, म्हणून मला तिचं विशेष वाटतं.

त्यातून जो नकाशा तयार झाला, तो थक्क करणारा आहे. हजार हेक्टरांहून मोठ्या टापूवर दगडी भिंतींचं जाळं. कड्यापासून डोंगराकडे समांतर धावणाऱ्या लांबच लांब भिंती, त्यांतल्या काही दोन-दोन किलोमीटरच्या, आणि त्यांना छेदणाऱ्या आडव्या भिंतींनी पाडलेली चौकोनी शेतं. ती मुख्यतः गुरं चारायची कुरणं असावीत, कारण समुद्रामुळे इथला हिवाळा सौम्य आणि गवत जवळजवळ बारमाही. ग्लेनअल्रा इथल्या एका लहान आवारात कॉलफील्ड यांना चुलीची जागा आणि मडक्यांचे तुकडे मिळाले. तटबंदी मात्र कुठंच नाही. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की हा एकोप्यानं, शांततेत राहणारा समाज होता. जमीन ठरवून, एका हिशेबानं वाटली गेली हे मला पटतं. शांततेबद्दल मी जरा साशंक आहे. बांध आला की बांध कोरणारा शेजारीही आलाच!

भिंतीच्या दगडाचं वय काढता येत नाही. कॉलफील्ड यांनी इथं एक सुरेख युक्ती वापरली. बॉगमध्ये पाइन वृक्षांचे बुंधे सापडतात. भिंतींवर बॉग चढला, बॉगवर पाइन उगवला, मग तोही बॉगनं गिळला. म्हणजे बुंध्याचं वय कळलं की भिंत त्याहून जुनी, हे पक्कं. असे अनेक बुंधे त्यांनी तपासून घेतले आणि 1998 साली सहकाऱ्यांसह 'रेडिओकार्बन' या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. केंद्राच्या मधोमध असाच एक पाइन उभा केलाय, सुमारे 4300 वर्षांचा. जिना त्याला वळसा घालूनच वर जातो. परागकणांचा पुरावा गॉलवेच्या मायकल ओ'कॉनेल आणि कॅरन मलॉय यांनी मिळवला. इ.स.पू. 3700च्या सुमारास इथलं जंगल तुटलं, गवत आणि धान्य आलं, आणि चार-पाचशे वर्षांनी शेती ओसरली.

एवढं सगळं असूनही वाद आहे. अँड्र्यू व्हाइटफील्ड यांनी 2017 साली असा मुद्दा मांडला की कालमापनाचा कुठलाच पुरावा थेट भिंतींशी बांधलेला नाही, आणि अशी आखीव शेतं युरोपात इतरत्र कांस्ययुगाच्या उत्तरार्धातली किंवा लोहयुगातली आहेत, मग इथलीच एवढी जुनी कशी? परागकणवाल्यांनी त्याला सविस्तर उत्तर दिलं. मला पारडं अजून नवाश्मयुगाकडे झुकलेलं दिसतं. पण भिंतींचा फार मोठा भाग अजून टर्फखाली शाबूत आहे. सगळा माळ उकरून टाकला असता तर हा वाद मिटवायला पुरावाच उरला नसता.

दुपारी बेल्डेरिगला गेलो. इथं कॉलफील्ड यांना कांस्ययुगातलं गोल घर आणि नांगरटीच्या खुणा मिळाल्या, जात्याचे दगड मिळाले. अलीकडे त्यांच्याच विद्यापीठातल्या ग्रॅम वॉरन यांनी बंदराजवळ शेतीच्याही आधीच्या शिकारी-मासेमारांचा तळ खणला. चार घरं आणि एक धक्का एवढ्याशा वस्तीत माणसं सहा हजारांहून अधिक वर्षं येत-जात, राहत आली आहेत. कवी शेमस हीनीच्या 1975च्या 'नॉर्थ' संग्रहातली 'बेल्डर्ग' ही कविता याच जागेवरची. बॉग हा हीनीचा जन्मभराचा विषय; त्याला ही जागा सापडणारच होती.

कुणाला जायचं असेल तर उन्हाळ्यात जा, हिवाळ्यात केंद्र बंद असतं. स्वतःची गाडी हवी, कारण या रस्त्यावर बसच्या भरवशावर राहता येत नाही. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट न्या. आणि गाईडबरोबरच माळावर चढा, सळई मागून घ्या, चार ठिकाणी स्वतः टोचून बघा. नाहीतर तिकीट काढून एक ओला माळ आणि एक सुंदर इमारत बघून परत याल.