काळ्या कातळाच्या पोटातील फुले

नाशिकला जाणारा आपला समाजबांधव सहसा दोन ठिकाणी जाऊन येतो. एक त्रिरश्मी बुद्धलेणी आणि दुसरे काळाराम मंदिराचा दरवाजा. ज्यांच्या हाताशी वेळ असतो ते येवल्याच्या मुक्तिभूमीवरही माथा टेकून येतात. या यादीत आणखी एका ठिकाणाची भर घालावी, असे आम्हांला सुचवायचे आहे. ते म्हणजे सिन्नरजवळच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीतील गारगोटी संग्रहालय. तेथे आहेत फक्त दगड, खनिजे आणि स्फटिक. पण ते पाहून आल्यावर लेणीही वेगळी दिसतात आणि मंदिराचा दरवाजाही वेगळा दिसतो.

विहारातील मुले, महिला मंडळाच्या भगिनी आणि आम्ही चार-पाच कार्यकर्ते असे मिळून निघालो. सकाळी पहिल्यांदा त्रिरश्मी गाठले. पायऱ्या चढताना डाव्या-उजव्या हाताला जो काळा कातळ दिसतो, तो बेसाल्ट. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून तप्त शिलारस पुन्हा पुन्हा बाहेर आला, पसरला आणि थिजला. थरावर थर चढले. आपल्याकडचे डोंगर दुरून पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते यामुळेच. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या कातळाने व्यापलेला आहे. आपले अजिंठा, कार्ले, कान्हेरी, जुन्नर सारे याच दगडात कोरलेले. सलग, जाड आणि टिकाऊ थर कोठे आहे, हे त्या काळच्या पाथरवटांना पुस्तकाशिवाय कळत होते.

या लेण्यांना लोक ‘पांडवलेणी’ म्हणतात. मात्र येथील शिलालेखांत डोंगराचे नाव ‘तिरण्हु’ म्हणजे त्रिरश्मी असे आहे. सातवाहन राजा कृष्ण याच्या काळात श्रमणांच्या महामात्राने करविलेले लेणे येथे आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची माता गौतमी बलश्री हिने भिक्खुसंघाला दिलेले लेणेही येथेच आहे. पांडवांनी लेणी कोरल्याचे कोठेही लिहिलेले नाही. दगडावर जे कोरले ते दोन हजार वर्षे टिकले, आणि तरीही त्याच दगडाला दुसरेच नाव चिकटले. मुलांना आम्ही हे शिलालेखासमोर उभे करूनच सांगितले.

तेथून सिन्नरकडे निघालो. नाशिकपासून सिन्नर सुमारे तीस किलोमीटर. संग्रहालय सुरू झाले २००१ साली. गारगोटी म्हटले की आपल्याला शेतात सापडणारा, घासला की ठिणगी देणारा पांढरा दगड आठवतो. आत गेल्यावर मात्र भगिनींच्या तोंडून ‘अगं बाई!’ एवढेच निघाले. हे दगड कोणी घासलेले नाहीत, कोणी पैलू पाडलेले नाहीत. जमिनीतून निघाले ते असेच निघाले.

काय काय आकार सांगावेत! स्टिल्बाइट नावाचे खनिज पाहिले, तर मधोमध आवळून बांधलेली गव्हाची पेंढीच. रंगही फिकट गुलाबी, पिकल्या पेरूच्या गरासारखा. स्कोलेसाइट म्हणजे एका बुडख्यातून फुटलेल्या पांढऱ्या सुयांचा झुबका. ओकेनाइटचे गोळे सावरीच्या कापसासारखे. हात लावावासा वाटतो, पण लावायचा नाही, कारण त्या केसांहून बारीक सुया मोडतात. अपोफिलाइटचे स्फटिक चौकोनी बुडाचे आणि वर निमुळते होत गेलेले, काही पाण्यासारखे नितळ तर काही कोवळ्या पानासारखे हिरवे. कॅल्साइट पाहावा तर दाबून तिरका केलेला डबा. आणि पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत मिळणारे कॅव्हन्साइट! पांढऱ्या स्टिल्बाइटवर निळ्या गड्ड्या उमललेल्या. ही निळाई त्यातल्या व्हॅनेडियम या धातूमुळे येते. मुलांनी तेथून हलायचेच नाही असे ठरवले. निळा रंग आपला ना!

सातवीतल्या एका मुलीने विचारले, “काका, कोणी कापले नाही तर एवढ्या सरळ कडा आल्या कशा?”

हा प्रश्न पडला, तेथेच सहलीचे भाडे वसूल झाले असे आम्ही मानतो. शिलारस थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात. भाकरीला सुटतात तशा पोकळ्या राहतात. पुढे कातळातून पाणी झिरपते, दगडातलीच सिलिका, कॅल्शियम, सोडियम विरघळवून घेते आणि त्या पोकळीत आणून सोडते. तेथे अणूवर अणू बसत जातो. प्रत्येक खनिजाच्या अणूंची मांडणी ठरलेली असते, जशी गवंड्याची विटांची रचना. त्यामुळे खडा लहान असो वा मोठा, त्याच्या बाजूंमधले कोन तेच राहतात. स्टेनो नावाच्या संशोधकाने १६६९ मध्ये स्फटिकांचे निरीक्षण करून हे मांडले. १९१२ मध्ये क्ष-किरणांनी अणूंच्या त्या रांगांचा पुरावाच मिळाला. यात कोणा निर्मात्याचा हात नाही आणि चमत्कारही नाही. कारणे जुळली की कार्य घडते. तथागतांनी प्रतीत्यसमुत्पादात हेच सांगितले नाही काय?

यापुढची गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटली. बाहेरचा काळा कातळही स्फटिकांचाच बनलेला आहे. पण तो भरभर थिजला. त्यातल्या कणांना वेळ मिळाला नाही, जागाही मिळाली नाही. एकमेकांना खेटून, दाबून बसावे लागले. म्हणून ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि नुसता काळा दगड दिसतो. पोकळीतल्या खनिजाला मात्र मोकळी जागा मिळाली, वेळ मिळाला, आणि त्याचा मूळचा आकार प्रकट झाला. ज्याला जागाच दिली नाही, त्याला ‘याच्यात काही नाही’ म्हणणे हा अन्याय आहे. शिक्षण, नोकरी, राहायला घर या साऱ्यांसाठी बाबासाहेबांनी जे झगडे केले ते जागेचेच झगडे होते. एका बाईने तेथेच आपल्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हटले, “बघ, अभ्यासाला कोपरा पाहिजे म्हणतोस ना, देते करून.” याहून चांगले भाष्य आम्हांला सुचणार नाही.

आणखी एक गोष्ट. काचेच्या कपाटांतील पाट्यांवर खनिजाचे नाव असते. ते पहिल्यांदा पाहिले कोणी? खाणीत सुरुंगानंतर शिरणाऱ्या, घणाने दगड फोडणाऱ्या, पाटीने खडी वाहणाऱ्या मजुराने. विहीर खोदताना, रस्ता कापताना, बोगदा पाडतानाच या पोकळ्या उघड्या पडतात. १८६३ मध्ये भोर घाटातून रेल्वे धावू लागली. तो घाट फोडतानाही सुंदर खनिजे निघाली आणि हजारो मजूर कामी आले. खनिजे दूरदूरच्या संग्रहांत गेली. मजुरांची नावे कोठेही नाहीत. आपल्यातले कितीतरी जण खाणीवरच्या मजुरांची लेकरे आहेत. या फुलांवर पहिला डोळा आपल्या बापजाद्यांचा पडला, हे मुलांना जरूर सांगावे.

जाताना एक सावधगिरी बाळगावी. स्फटिक घरात ठेवला की भरभराट होते, अंगठीत घातला की पीडा टळते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. स्टिल्बाइट ज्या गटात मोडते त्या झिओलाइट खनिजांचा खरा गुण वेगळा आहे. त्यांच्या अंगात बारीक पोकळ्या असतात, त्यांत पाणी असते. तापवले की वाफ सुटते; म्हणूनच क्रॉनस्टेट या स्वीडिश संशोधकाने १७५६ मध्ये त्यांना ‘उकळणारा दगड’ अशा अर्थाचे ग्रीक नाव दिले. या पोकळ्यांच्या गुणामुळे जड पाणी मृदू करायला, कपडे धुण्याच्या पावडरीत, दूषित पाणी शुद्ध करायला झिओलाइट वापरतात. दगडाचा उपयोग असा पडताळून घ्यावा. १९५६ साली बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात राशीचा खडा शोभत नाही.

संध्याकाळी परत नाशिकला येऊन काळाराम मंदिराच्या दरवाजापाशी थांबलो. मंदिर काळ्या पाषाणाचे. डोंगरातही तोच काळा दगड आणि येथेही. तेथे त्याचे विहार झाले, येथे त्याची भिंत झाली. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला सत्याग्रह सुमारे पाच वर्षे चालला. तो मूर्तीच्या दर्शनासाठी नव्हता, माणूस म्हणून उभे राहण्याच्या जागेसाठी होता. भिंत हटली नाही, तेव्हा १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी वेगळी वाट जाहीर केली. दिवसभर दगड पाहिलेल्या मुलांना हे समजावायला फार शब्द लागले नाहीत.

ज्यांना जायचे आहे त्यांनी सकाळीच त्रिरश्मी उरकावे, म्हणजे ऊन लागत नाही. पाणी आणि डबा सोबत असावा. नाशिकहून सिन्नरला एस.टी. मिळते. मुलांना एक वही आणि पेन्सिल द्यावी. स्फटिक पाहून त्याचे चित्र काढायला लावावे. आणि ‘हे असे का?’ असे मुलाने विचारले, तर ‘देवाची करणी’ म्हणून त्याचे तोंड बंद करू नये.

जय भीम!