उपवासाचा हिशेब

राखेच्या बुधवारी मिस्सेला जे शुभवर्तमान वाचतात, ते ऐकणाऱ्याला पेचात टाकते. गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळावर घ्यायला थोड्याच वेळात आपण रांगेत उभे राहणार असतो. नेमके तेव्हाच संत मत्तयच्या सहाव्या अध्यायातून येशू बजावतो की उपवास करताना तोंड धुवावे, डोक्याला तेल लावावे, आपण उपाशी आहोत याची कुणाला चाहूलही लागू देऊ नये. उपवास मिरवायची सोय उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी संपते.

मग उपवास करायचा कशासाठी? उत्तर दोनच दिवसांनी येते. शुक्रवारी यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय वाचला जातो. आम्ही उपास करतो तरी देव आमच्याकडे बघत नाही, अशी लोकांची तक्रार. त्यावर संदेष्टा त्यांना सुनावतो की उपवासाच्या दिवशीही तुम्ही मजुरांना राबवून घेता. जोखडाखाली दबलेल्याला मोकळे करा, आपल्या भाकरीतला वाटा भुकेल्याला द्या, देवाला हवा तो उपवास हाच. आणि सोमवार उजाडला की लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायातली आज्ञा समोर येते: मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नये.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ साली जो नवा वाचनक्रम आला, त्यात रविवारची वाचने तीन वर्षांनी फिरून येतात आणि सामान्य काळातल्या वारांची पहिली वाचने दोन वर्षांनी. उपवासकाळातल्या वारांची वाचने मात्र दरवर्षी तीच असतात. मला ही योजना फार मोलाची वाटते. एरवी एखादे अवघड वचन पुन्हा कानांवर पडायला वेळ लागतो. मजुरीचा प्रश्न मात्र पहिल्या आठवड्यातल्या सोमवारी हटकून उभा राहतो. गेल्या वर्षी ऐकून सोडून दिला असला, तरी यंदा तो पुन्हा विचारला जातोच.

आमच्या वसईत या प्रश्नाला चेहरे आहेत. उपवासकाळात वेदीवर फुले ठेवत नाहीत. बाहेर वाड्यांमध्ये मात्र मोगरा धरू लागलेला असतो. कळी उमलायच्या आत खुडावी लागते, नाहीतर दादरच्या बाजारात तिला भाव मिळत नाही. म्हणून अंधार असतानाच बायका वाफ्यांत उतरतात. एका हाताने फांदी वाकवायची, दुसऱ्या हाताच्या नखाने कळी देठाशी तोडायची, मूठ भरली की ओच्यात सोडायची. ऊन चढेपर्यंत कंबर सरळ होत नाही. यांतल्या कितीतरी जणी डहाणू-जव्हारकडच्या आदिवासी पाड्यांतून आलेल्या असतात. पहाटेच्या मिस्सेची घंटा त्यांनाही ऐकू जाते. आत वाचनपीठावरून मजुरीची आज्ञा वाचली जात असते आणि ज्यांच्या मजुरीबद्दल ती आहे, त्या बाहेर वाडीत वाकलेल्या असतात. ती आज्ञा आत बसलेल्या आमच्यासाठी आहे.

या दृष्टीने पुढची वाचने ऐकू लागले की एक सूत्र हाती लागते. दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी श्रीमंत माणूस आणि लाजरस यांचा दाखला येतो. त्या श्रीमंताने लाजरसला मारले नाही की हाकलले नाही. दारात पडलेला माणूस त्याच्या लेखी नव्हता, एवढाच त्याचा अपराध, आणि तेवढा पुरला. कथेत नाव आहे ते भिकाऱ्याला. श्रीमंताला नावच नाही. तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी अरामचा सेनापती नामान येतो. त्याच्या कुष्ठरोगावरचा इलाज घरात राबणाऱ्या एका मुलीला ठाऊक असतो. ती युद्धात पकडून आणलेली दासी. पुढे यार्देनमध्ये बुडी मारायला सांगितल्यावर तो रागाने परत निघतो, तेव्हा त्याची समजूत घालतात तेही त्याचे नोकरच. सेनापती बरा झाला, कारण शेवटी त्याने आपल्या चाकरांचे ऐकले.

ही सगळी वाचने पवित्र गुरुवारच्या संध्याकाळपाशी येऊन थांबतात. त्या दिवशी योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. ते काम घरच्या गड्याचे. एवढे दिवस वाचनांमधून ज्या मजुरांची, भिकाऱ्यांची, दासींची बाजू देव घेत आला, त्यांच्या जागेवर तो स्वतः येऊन बसतो. म्हणून त्याला भेटायचे तर त्याच जागेकडे वळायला हवे.

मांसाहार सोडणे, एक वेळ जेवणे, क्रुसाच्या वाटेची भक्ती करणे हे सारे मी मनापासून मानतो. पण उपवासकाळातली वाचने रोज ऐकायची, तर आपल्याकडे कामाला येणाऱ्या माणसाचा हिशेब आधी बघावा लागेल. त्याची मजुरी त्याच दिवशी त्याच्या हातात पडते का? तो काही सांगू लागला तर आपण थांबून ऐकतो का? त्याचे नाव तरी आपल्याला माहीत आहे का? जो पैसे बुडवतो त्याने पाय धुण्याचा विधी कितीही भक्तिभावाने पाहिला, तरी त्याचा उपवास अजून सुरूच झालेला नाही.