पानाची पाठ

चित्रकलेच्या मास्तराला पानाची एकच बाजू ठाऊक असते. वीस वर्षे मी फळ्यावर पाने काढीत आलो. आधी कडा, मग मधली शीर, मग उपशिरा. कडा चुकली की गुण कापले. माझ्या कादंबऱ्यांतली माणसेही मी अशीच रेखाटली. नाक, कपाळ, चालण्याची ढब, झाला माणूस!

माझी एक जुनी विद्यार्थिनी नैनितालला ओकवृक्षांचा अभ्यास करते. गेल्या मे महिन्यात तिच्या आग्रहावरून तिकडे गेलो. शाळेत असताना तिने एकाच तुतीची दोन पाने काढली होती. एक अखंड, दुसरे कातरलेले. त्याखाली मी लाल शाईने लिहिले होते, ‘निरीक्षण नाही.’

“सर, नुसत्या कडेवर भरवसा ठेवू नका,” ती रानात म्हणाली. खर्सू ओकाची पाने लहानपणी काटेरी असतात; झाड मोठे झाले की तीच कडा पुष्कळदा साधी होते. मग तिने बांजाचे पान उलटे केले. वरून गर्द हिरवे, खालून पांढुरके! तिलोंजाची पाठ मात्र हिरवीच. बांजाच्या शास्त्रीय नावाचा अर्थच मुळी ‘पांढरी लव धारण करणारा’ असा आहे.

खोलीवर येऊन मॅट्रिकपुढे न गेलेल्या या मास्तराने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तो पांढुरकेपणा म्हणजे लवेचे रान होते. एकेका बुडातून अनेक किरण फुटलेले, जणू चांदण्यांचा खच! पर्णरंध्रे त्यांच्याआड दडलेली. ओकाच्या पानाला ती पाठीवरच असतात. लव एकेरी की झुबक्याची, किरण किती, यांवरून जाती ओळखायला मदत होते. अमेरिकेच्या पूर्व भागातील ओकांच्या लवेचा असा अभ्यास हार्डिन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केला.

“म्हणजे एक पान उलटे केले की झाले?”

“छे, सर! पान जून झाले की लव झडते. उन्हातले पान वेगळे, सावलीतले वेगळे. शिवाय ओकांच्या जातींत संकरही होतात. पुष्कळ झाडांची पुष्कळ पाने पाहायची, तेव्हा कुठे नाव द्यायचे.”

मी बराच वेळ डोळा वर केला नाही. मग म्हणालो, “तुझी ती तुती बरोबर होती.”

“ठाऊक होतं, सर,” ती म्हणाली, “मी दोन्ही पाने दप्तरात आणली होती. तुम्ही विचारलंच नाहीत.”

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या तासाला मी फळ्याकडे वळलो नाही. मुलांना घेऊन आवारातल्या झाडांखाली गेलो.