कौतुकाचें मीठ

आमच्या घरांत जेवतांना बोलण्याची चाल नव्हती. आजोबांनीं चित्राहुती घातल्या, आपोशन घेतलें, कीं शेवटचा ताकभात होईपर्यंत पंगतींत ऐकूं येई तो केवळ भुरक्यांचा आवाज. एखादा पदार्थ उत्तम झाला असेल तर लोक तो पुन्हां मागून घेत. हीच काय ती स्तुति. बिघडला असेल तर मात्र वाचा फुटे. 'भाजीला तिखट जरा जास्त वाटतें', 'पोळ्या आज वातड झाल्या' असें कोणी तरी म्हणे. आंतला बांगड्यांचा आवाज क्षणभर थांबे आणि पुन्हां सुरू होई. स्वयंपाक थोरल्या काकूंचा. रोजचीं वीस-बावीस पानें, सणावारीं चाळीस.

चुलतभावाच्या मुंजीच्या दुसऱ्या दिवशींची गोष्ट. मी तेव्हां बारा वर्षांचा होतों. पहिलाच भुरका घेतला आणि मोठ्यानें म्हणालों, "आज आमटीचा समुद्र झाला आहे!" सारी पंगत हंसली. आजोबांच्या मिशाहि हलल्या. आपण मोठा विनोद केला, या आनंदांत मी होतों. काकू ताक घेऊन बाहेर आल्या आणि मुकाट्यानें वाढूं लागल्या.

हा प्रसंग मी पार विसरून गेलों होतों. त्याची आठवण व्हावी ती अमेरिकेंत, आणि तीहि एका बेकरीच्या दारांत, हा योगायोगच म्हणावयाचा.

दोन वर्षांपूर्वीं कॅलिफोर्नियांत भाच्याकडे राहिलों होतों. त्यानें एके दिवशीं नापा खोऱ्यांतील याऊंटव्हिल या गांवीं नेलें. गांव केवढें, तर टोकापासून टोकापर्यंत पायीं फिरावें एवढें. पण जगांतले खवय्ये तेथें वारीला यावे तसे येतात. याला कारण टॉमस केलर नांवाचा बल्लवाचार्य. 'फ्रेंच लाँड्री' हें त्याचें मुख्य भोजनगृह. नांव ऐकून मला हंसूं आलें. परंतु त्या दगडी घरांत एके काळीं खरोखरच कपडे धुण्याचा कारखाना होता. केलरनें तें १९९४ मध्यें घेतलें. त्याआधीं न्यूयॉर्कमध्यें त्यानें काढलेलें भोजनगृह बुडालेलें, हातांत पैसा नाहीं. अनेकांकडून थोडें थोडें भांडवल गोळा करून त्यानें हा व्यवहार पुरा केला. पुढें १९९८ मध्यें त्याच गांवांत 'बुशाँ' हें साधें फ्रेंच भोजनगृह, २००३ मध्यें त्याच्या शेजारीं बेकरी, २००४ मध्यें न्यूयॉर्कला 'पर से', २००६ मध्यें पुन्हां याऊंटव्हिललाच 'अ‍ॅड हॉक' असें त्याचें कुटुंब वाढत गेलें.

या कुटुंबाच्या वाट्याला कौतुकहि तसेंच आलें. १९९७ मध्यें जेम्स बियर्ड प्रतिष्ठाननें केलरला देशांतील सर्वश्रेष्ठ आचारी ठरविलें. २००३ आणि २००४ अशीं लागोपाठ दोन वर्षें 'फ्रेंच लाँड्री'ला जगांतील पहिलें भोजनगृह म्हणून मान मिळाला. मिशेलिन या फ्रेंच मार्गदर्शिकेचे तीन तारे, म्हणजे या धंद्यांतील परमवीरचक्रच, 'पर से'ला आणि 'फ्रेंच लाँड्री'ला, दोघांनाहि लाभले.

तेथें जेवणें माझ्या खिशाला झेपणारें नव्हतें. तेथील पदार्थांचीं नांवें मात्र भाच्यानें वाचून दाखविलीं. सर्वांत गाजलेला पदार्थ 'शिंपले आणि मोतीं'. शिंपले म्हणजे समुद्रांतील कालवें. आणि मोतीं म्हणजे काय, तर आपला साबूदाणा! आमच्या एकादशीचा सोबती असा भलत्याच संगतींत सांपडलेला पाहून मला मौज वाटली. पण त्या घरीं रोज केवळ भाज्यांचें असें एक निराळें नऊ पदार्थांचें जेवणहि असतें, आणि एका जेवणांत एकदां आलेली वस्तु पुन्हां येऊं द्यावयाची नाहीं असा तेथें दंडक आहे, हें ऐकल्यावर माझा थोडा आदर वाढला. रस्त्याच्या पलीकडे तीन एकरांची बाग आहे. स्वयंपाकघराचा भाजीपाला तींत होतो, आणि कोणींहि तींत खुशाल फिरावें. आम्ही फिरलों, बेकरीवरून एक लांबट पाव घेतला आणि बांकावर बसून खाल्ला. मैदा, पाणी, मीठ आणि खमीर. दुसरें त्यांत कांहीं नव्हतें. पण वरचें कवच कुरकुरीत, आंत मऊ, आणि मीठ नेमकें. ही बेकरी मुळांत काढली ती स्वतःच्या भोजनगृहांना चांगला पाव मिळावा म्हणून. अर्ध्याहून अधिक पाव संपेपर्यंत मी बोललों नाहीं. भाचा म्हणाला, "मामा, आवडला कीं नाहीं? कांहीं तरी बोला ना!" मीं चटकन् म्हणालों, "म्हणून तर खातों आहें."

बोलून गेलों आणि चपापलों. हें आमच्या पंगतीचेंच उत्तर होतें.

घरीं परतल्यावर त्या माणसाविषयीं मीं आणखी वाचलें. १९७७ सालीं ऱ्होड आयलंडमधील एका क्लबांत केलर नोकरांचें जेवण करीत असे. तेथें रोलाँ हेनँ नांवाच्या फ्रेंच आचाऱ्यानें त्याला सांगितलें, कीं आचारी रांधतो तो माणसांचें पोषण करण्याच्या ओढीनें. या एका बोधानें आपण आचारी झालों असें केलर मानतो. २००८ मध्यें त्याचे वडील वारले. अपघातानें अधू झालेल्या वडिलांना त्यानें आपल्या भोजनगृहाशेजारींच आणून ठेवलें होतें, आणि त्यांचें शेवटचें जेवण त्यानें स्वतःच्या हातानें केलें. त्यांत कसलीं मोतीं नव्हतीं. कोंबडी, कुस्करलेले बटाटे, पालेभाजी आणि शेवटीं स्ट्रॉबेरीचा गोड पदार्थ. त्यांच्याकडचें अगदीं घरगुती जेवण.

त्याच वाचनांत एक निराळी हकीकतहि आढळली. न्यूयॉर्क टाइम्सनें 'पर से'ला २००४ मध्यें आणि २०११ मध्यें चारांपैकीं चारहि तारे दिले होते. जानेवारी २०१६ मध्यें त्याच पत्राचे टीकाकार पीट वेल्स यांनीं ते दोनांवर आणले. अळंब्यांच्या साराला त्यांनीं अशा कांहीं गढूळ पाण्याची उपमा दिली, कीं सारें शहर हंसलें. केलरनें उत्तरादाखल भांडण मांडलें नाहीं. आमची चूक झाली, आम्ही सुधारूं, अशा अर्थाचा उघड माफीनामा त्यानें प्रसिद्ध केला.

त्या उपमेपाशीं मी थांबलों आणि मला पन्नास वर्षांपूर्वींचा समुद्र आठवला. दोन्ही विनोदांची जात एकच. पण एक फरक होता. त्या पत्रानें दोन तारे काढून घेतले, ते आधीं चार दिले होते म्हणून. आमच्या पंगतीनें काकूंना देऊन ठेवलें होतें काय, कीं त्यांतून कांहीं वजा करावें?

शिवाय, ज्या वास्तूला एवढा मान मिळाला, तिची पहिली गृहिणीहि मला त्या वाचनांत भेटली. त्या दगडी घरांत भोजनगृह प्रथम काढलें तें सॅली श्मिट या बाईंनीं आणि त्यांचे यजमान डॉन यांनीं, १९७८ मध्यें. सोळा वर्षें बाईंनीं तेथें स्वतः रांधलें. रात्रीं एकच जेवण ठरलेलें. येईल त्यानें तें जेवावें, अगदीं घरच्यासारखें. नांव त्यांनींच राखलें, घडी त्यांनींच बसविली, मग तें केलरच्या स्वाधीन करून त्या सफरचंदांच्या एका बागेंत राहावयास गेल्या. जगाचे तारे आले ते त्यानंतर. २०२२ मध्यें, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, त्या वारल्या. त्यांच्या स्वयंपाकघरांविषयींचें त्यांचें पुस्तक निघालें तें त्यांच्या मागें.

तें वाचून मीं पुस्तक मिटलें. रात्रीचे दहा वाजले होते, म्हणजे पुण्यास सकाळ. काकू आतां शहाऐंशी वर्षांच्या आहेत, धाकट्या मुलाकडे असतात. मीं फोन लावला. प्रकृतीचें विचारून झालें, आणि मग शब्द सांपडेनात. कौतुक करण्याची जिभेला संवय नसली कीं साठीच्या माणसाचीहि अशी गत होते. शेवटीं म्हणालों, "काकू, तुमची आमटी फार चांगली होत असे. कधीं सांगितलें नाहीं."

पलीकडे थोडा वेळ कांहींच ऐकूं आलें नाहीं. मग त्या म्हणाल्या, "त्या मुंजीच्या दुसऱ्या दिवशींची मात्र खारटच झाली होती रे बाळ. आदल्या रात्रीं डोळ्याला डोळा नव्हता, मीठ दोनदां पडलें. नैवेद्याच्या आधीं चाखून कसें पाहणार?"

मी गप्प झालों. पंगतीला सोंवळ्यांत, न चाखतां, केवळ हाताच्या अंदाजानें त्या बाईनें इतकीं वर्षें मीठ घातलें होतें. त्या हजारों दिवसांच्या आमट्यांचा हिशोब आमच्यापैकीं कोणींच ठेवला नव्हता. एका दिवसाचा मात्र ठेवला होता, तोहि त्यांनीं स्वतःच.

"तें राहूं दे," त्या पुढें म्हणाल्या, "तिकडे तुझ्या जेवणाचे हाल होत नाहींत ना?"