जुन्या मोटारीची किंमत आणि मजुरीचा रकाना

जुनी वस्तू भंगारवाल्याकडे गेली की तिला किलोचा भाव मिळतो. पण काही जुन्या वस्तू अशा असतात की त्या नीट दुरुस्त झाल्या म्हणजे त्यांना नव्यापेक्षाही जास्त भाव येतो. इंग्लंडच्या जुन्या स्पोर्ट्स मोटारी त्यातल्याच. परभणीच्या कष्टकरी माणसाला विलायती मोटारीशी काय देणेघेणे, असे कुणी विचारील. देणेघेणे आहे आणि ते हिशेबाचे आहे, म्हणून हा लेख.

आपला जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. निजामाची १९१२ सालची पिवळी रोल्स रॉईस हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात दुरुस्त करून ठेवली आहे. लोक तिकीट काढून पाहतात आणि 'निजामाची गाडी' म्हणून माघारी येतात. जुन्या मोटारीला मालकाचे नाव असे जन्मभर चिकटते. हात लावणाऱ्याचे चिकटत नाही.

आमच्या वस्तीतला एक मुलगा सात वर्षांपासून पुण्याच्या एका गॅरेजात डेंटिंगचे काम करतो. वडील मोंढ्यात हमाल. बारावीनंतर शिक्षण सुटले, पण पत्र्याच्या कामावर हात बसला. गेल्या उन्हाळ्यात लग्नसराईला तो घरी आला, तेव्हा त्याने मोबाईलवर एक जाहिरात दाखवली. हिरव्या रंगाची, दोन माणसांची, १९४८ सालची एम.जी. टी.सी. मोटार विक्रीला होती. जाहिरातीत इंजिनाचा नंबर होता, चासीचा नंबर होता, चामड्याच्या गाद्या, टायर, रंगाची छटा, सगळे होते. किंमत तेवढी 'प्रत्यक्ष भेटीत' होती.

"काका, लाकूड एका सुतारमामानं केलं. पत्रा समदा म्या केला. चौदा महिने लागले," पोरगा म्हणाला.

त्याच्या आईला वाचता येते. तिने मोबाईल हातात घेऊन सावकाश सगळे वाचले आणि आम्हाला विचारले, "भावजी, एवढं समदं लिव्हलंय, मग ह्यात ह्याचं नाव कुठं हाय?"

बाईचा प्रश्न साधा नव्हता. आम्ही बी.कॉम. झालेलो, बावीस वर्षे टेबलावर बिलेच तपासतो. म्हणून ही गाडी नेमकी काय आहे आणि तिची किंमत कशाची बनते, हे आम्ही त्या पोराकडून समजून घेतले आणि थोडे वाचूनही काढले.

टी.सी. ही मोटार इंग्लंडात अबिंग्डन या गावी १९४५ ते १९४९ या काळात तयार झाली. सगळ्या मिळून सुमारे १०,००० गाड्या. महायुद्धानंतर इंग्लंडला परदेशी चलनाची निकड होती, त्यामुळे माल बाहेर पाठवणाऱ्या कारखान्यांना पोलाद आधी मिळे. म्हणून या गाड्या देशोदेशी गेल्या. इंजिन १२५० सी.सी.चे, चाके सायकलसारखी तारांची. आणि पत्र्याच्या आत लाकडाचा सांगाडा! अ‍ॅश नावाच्या झाडाचे लाकूड. सत्तर-पंचाहत्तर वर्षांत ते लाकूड कुजते, त्यावर ठोकलेला पत्रा गंजतो. म्हणजे गाडी उभी करायला आधी सुतार लागतो, मग पत्रेवाला, मग फिटर.

फिटरचेही सोपे नसते. या इंजिनाच्या बोल्टांचे आटे फ्रेंच मापाचे आणि डोकी इंग्रजी व्हिटवर्थ मापाची. मॉरिस कंपनीने १९२३ साली कॉव्हेन्ट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना विकत घेतला, तिथली यंत्रे फ्रेंच मापाची होती, त्याचा हा वारसा. आपल्या नेहमीच्या पान्यांनी ते बोल्ट नीट धरले जात नाहीत. वीजही उलटी, प्लसची वायर बॉडीला जोडलेली. हे ज्याला ठाऊक नाही तो एका दिवसात हजारोंचे नुकसान करील.

यात कायद्याचाही भाग आहे. २०२१ साली केंद्र सरकारने ५० वर्षांपेक्षा जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. नंबरात राज्याच्या अक्षरांपुढे 'व्ही.ए.' येते, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. रोजच्या वापराला किंवा धंद्याला अशी गाडी चालत नाही. मुख्य अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. म्हणजे जुना पत्रा फेकून कसाही नवा ठोकला तर भागत नाही. जेवढा वाचेल तेवढा जुनाच वाचवायचा आणि जोड दिसू द्यायचा नाही. आमच्या पोराने चौदा महिने हेच केले.

आता हिशेब पाहा. टायर आणले, बिल आहे. सुटे भाग इंग्लंडहून मागवले, बिल आहे. चामडे घेतले, बिल आहे. आणि ज्या कामामुळे या साऱ्याची गाडी झाली, त्यासमोर एकच शब्द: 'मजुरी'. ना नाव, ना तास, ना कामाचा तपशील.

एम.जी.ची कहाणीही हेच सांगते. अबिंग्डनचा कारखाना ऑक्टोबर १९८० मध्ये बंद झाला. पुढे एम.जी. रोव्हर कंपनी २००५ साली बुडाली, लाँगब्रिजच्या सुमारे ६००० कामगारांची नोकरी गेली. पण 'एम.जी.' ही दोन अक्षरे बुडाली नाहीत. ती चिनी कंपनीने घेतली, आणि २०१९ पासून गुजरातेत हालोलला त्याच नावाच्या गाड्या निघतात. नावाला गिऱ्हाईक मिळाले. कामगाराचे नाव कुठे लिहिलेलेच नव्हते, तर त्याला गिऱ्हाईक कुठून मिळणार?

म्हणून आम्ही पोराला दोनशे पानी रजिस्टर आणायला लावले. मोबाईलमध्ये त्याने रोजचे फोटो काढून ठेवले होते, तेच कामी आले. रकाने आखले: तारीख, काम, तास, आधीचा फोटो, नंतरचा फोटो. डाव्या दाराचा खालचा पत्रा कुठे कापला, कुठे जोडला, सगळे लिहिले. सुतारमामाचे नावही घातले. चार रात्री बसून एकसष्ट पाने भरली.

गॅरेजच्या मालकाने ते पाहून आधी कुरकुर केली. पण गाडी बघायला आलेल्या गिऱ्हाइकाने कामाचा पुरावाच मागितला. जुन्या मोटारीत असा पुरावा असला की भाव वाढतो, नसला की संशय वाढतो. मालकाने सही-शिक्का दिला आणि एक प्रत गाडीच्या फायलीत लावली. दुसरी प्रत पोराने जिंतूर रोडवर स्वतःचे गॅरेज टाकण्यासाठी बँकेत मुद्रा कर्जाचा अर्ज केला, त्याला जोडली. कर्ज अजून मंजूर झालेले नाही. पण अर्जात 'अनुभव' या शब्दापुढे आता एकसष्ट पाने आहेत.

आयाबहिणींना एक सांगणे. मुलगा पेंटिंगच्या कामाला असेल तर तोंडाला काय बांधतो ते विचारा. हार्डनर घातलेल्या रंगात आयसोसायनेट असते, त्याने दमा लागतो. रुमाल किंवा कागदी मास्क त्याला पुरत नाही, बाहेरून स्वच्छ हवा देणारा मास्क लागतो. जुन्या रंगात शिसेही असते, तो कोरडा घासू नये.

आपल्या घराघरांत गवंडी आहेत, फिटर आहेत, शिवणकाम करणाऱ्या बाया आहेत. प्रत्येकाने एक वही घालावी. काम झाले की त्याच दिवशी लिहावे, फोटो काढावा, जमेल तिथे सही घ्यावी. मजुरी त्या दिवशी खर्चून जाते. लिहिलेले काम पुढच्या कामाला उपयोगी पडते.