अब्बांनी वसतिगृहात शिकलेली मराठी

आमच्या घरी मराठी मासिके येतात, मुले मराठीत वाचतात आणि आम्ही तिघे भावंडे एकमेकांना पत्रे लिहीत आलो तीही मराठीतच. पाहुण्यांना याचे नवल वाटते. आमचे घराणे मूळचे कामठीचे, विणकरांचे. घरात बोली उर्दू आणि अब्बांची शाळाही उर्दू माध्यमाची. मग मराठी आली कुठून? ती आली नागपूरच्या एका कॉलेजच्या वसतिगृहातून. अब्बा आता हयात नाहीत. पण त्यांच्या कॉलेजच्या गोष्टी आम्हा तिघांना सारख्याच पाठ आहेत, म्हणून हे लिहायलाही आम्ही तिघे एकत्र बसलो आहोत.

अब्बा १९५३ साली मॅट्रिक झाले आणि मॉरिस कॉलेजात दाखल झाले. १८८५ साली सुरू झालेले हे कॉलेज मध्य प्रांताचे एके काळचे चीफ कमिशनर सर जॉन मॉरिस यांच्या नावाचे. नाव पुढे बदलले. आज ती वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था आहे. पण तिथल्या चौकाला नागपूरकर अजून मॉरिस कॉलेज टी-पॉइंटच म्हणतात.

त्या काळी नागपूर राजधानीचे शहर होते आणि राज्य दोन भाषांचे, मराठी आणि हिंदी. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाकडे वऱ्हाडातून मुले येत, तशी छत्तीसगडातूनही येत. न्यायमूर्ती हिदायतुल्ला रायपूरला शाळा करून याच मॉरिस कॉलेजात शिकायला आले होते. १९५४ च्या डिसेंबरात ते नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती झाले, तेव्हा अब्बा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. विणकराच्या पोराला त्या बातमीने किती बळ दिले असेल! आपण ज्या कॉलेजात हजेरीला ‘प्रेझेंट सर’ म्हणतो, तिथेच हा माणूसही म्हणत होता, असे अब्बा कामठीत सगळ्यांना सांगत फिरले.

पहिले वर्ष त्यांनी कामठीहून सायकलने ये-जा केली. जायला दहा मैल, यायला दहा मैल. तास संपला की सायकलवर टांग मारायची आणि मगरीबच्या आत घर गाठायचे. त्या वर्षात कॉलेजात आपला एकही दोस्त झाला नाही, असे ते सांगत. दुसऱ्या वर्षी दादाजानने कशीबशी पैशांची सोय करून त्यांना वसतिगृहात ठेवले आणि अब्बांचे खरे कॉलेज तिथून सुरू झाले.

खोलीतला सोबती हिंगणघाटचा, शेतकऱ्याचा मुलगा. आम्ही त्यांना पुढे जन्मभर हिंगणघाटवाले काका म्हणत आलो. वसतिगृहाच्या व्हरांड्यात सकाळी एकच मराठी वर्तमानपत्र येई आणि एकाने मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे, असा तिथला रिवाज होता. पाळी सगळ्यांवर येई. अब्बांची आली की हशा पिके. उर्दूत लिंगे दोन, मराठीत तीन. पाणी उर्दूत ‘ठंडा’, मराठीत ‘थंड’ आणि तेही ‘ते पाणी’. किताब ती, पण पुस्तक ते. आणि ‘ळ’ तर उर्दूत नाहीच. ‘शाळा’ म्हणायला गेले की तोंडून ‘शाला’ बाहेर पडे. काका रात्री कंदील लावून त्यांच्याकडून पानेच्या पाने मोठ्याने वाचून घेत. बदल्यात अब्बांनी त्यांना अलिफ-बे शिकवले. काकांची उर्दू अक्षरे अखेरपर्यंत वेडीवाकडी राहिली, पण ईदचे कार्ड ते उर्दूतच लिहीत.

मग आले गॅदरिंग. त्यात फिशपाँडचा कार्यक्रम असे, तो आजच्या मुलांनाही माहीत आहे. पेटीत निनावी चिठ्ठ्या पडतात आणि स्टेजवरून वाचल्या जातात. कोणाची चाल, कोणाचे कपडे, कोणाचे बोलणे, काहीच सुटत नाही. अब्बांच्या नावाने चिठ्ठी निघाली: ‘कामठीचा माग, मराठीत मात्र मागे!’ सगळा हॉल हसला. अब्बांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढले. घरच्या मागाचे नाव असे भर सभेत निघावे, हे त्यांना लागले. रात्री ट्रंक भरून ते कामठीला निघाले होते. काकांनी त्यांना अडवले ते समजूत घालून नव्हे. ते एवढेच म्हणाले, “इंग्रजीच्या सरांवर तीन चिठ्ठ्या निघाल्या. ते उद्या तास घेणार आहेत. तू काय त्यांच्यापेक्षा मोठा लागून गेलास?” अब्बांनी ट्रंक पुन्हा खाटेखाली सरकवली.

अशा रिवाजांबद्दल आम्ही भावंडे पुष्कळदा बोललो आहोत. नव्या मुलाची थट्टा करून त्याला आपल्यात ओढायची पद्धत जगभर दिसते. अमेरिकेतल्या लहान कॉलेजांत त्याच सुमारास पहिल्या वर्षाच्या मुलांना डोक्यावर एक छोटी रंगीत टोपी घालून हिंडावे लागे. पण थट्टा आणि छळ यांत एक रेघ आहे. महाराष्ट्राला १९९९ साली रॅगिंगविरोधी कायदा करावा लागला, तो ही रेघ पुसली गेली म्हणूनच. फिशपाँडमध्ये चिठ्ठी सर्वांसमोर वाचली जाते, सरांचीही सुटका नसते आणि दुसऱ्या दिवशी सगळे एकाच पंगतीत जेवतात. रॅगिंग बंद दाराआड चालते आणि त्यात मार खाणारा नेहमी एकटाच असतो. मुलांना पाठवताना हा फरक आईबापांना कळलाच पाहिजे.

पुढच्या वर्षीच्या गॅदरिंगला अब्बांच्या नावाने पुन्हा चिठ्ठी निघाली: ‘कामठीचा माग आता पुढे!’ त्या साली कॉलेजच्या वार्षिक अंकाच्या मराठी विभागात त्यांचा हातमागावर एक लेख छापून आला होता. ताणा, बाणा, धोटा, फणी, सगळे त्यांनी मराठीत समजावून सांगितले होते. दोन्ही चिठ्ठ्या त्यांनी त्या अंकात जपून ठेवल्या.

१९५६ चे साल आले. १४ ऑक्टोबरला डॉ. आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि शहर पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांनी भरून गेले. १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, नव्या मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ झाली, हायकोर्ट जबलपूरला. न्यायमूर्ती हिदायतुल्लाही तिकडचे मुख्य न्यायमूर्ती होऊन गेले. वसतिगृहातली हिंदी मुलुखाची मुले निरोप घेऊ लागली. आमच्या नात्यातले काहीजण अब्बांना म्हणाले, “तूही भोपाळचा रस्ता धर. तिथे उर्दू चालेल. इथे मराठीत अर्ज कोण लिहिणार?” अब्बा म्हणाले, “मी लिहीन.”

बी.ए.ची परीक्षा आली १९५७ च्या उन्हाळ्यात. रमजान एप्रिलच्या सुरुवातीलाच लागला होता आणि नागपूरचा उन्हाळा काय असतो ते सांगायला नको. मेसचे आचारी रात्रीच भाकरी आणि वरण झाकून ठेवत आणि पहाटे सहरीला गजर लावून उठवत ते हिंगणघाटवाले काका. स्वतःही उठून बसत, “एकट्याने काय जेवायचे?” म्हणून. अब्बा पास झाले आणि नागपुरातच सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले. कामठीची कितीतरी माणसे पुढे अर्ज लिहून घ्यायला आमच्या ओसरीवर येत. ती मराठी काही वर्गात शिकवलेली नव्हती.

म्हणूनच आपाच्या प्रवेशाची वेळ आली तेव्हा अब्बांनी एकच अट घातली. ते १९७६ साल होते. मुलींचे एल.ए.डी. कॉलेज शहरात १९३२ पासून होते, पण आमच्या मोहल्ल्यातून तिथे जाणाऱ्या मुली फारशा नव्हत्या. अम्मी म्हणाली, “शिकू दे, पण तास झाले की घरी.” अब्बा म्हणाले, “असे एक वर्ष मी काढले आहे. ते वर्ष माझे फुकट गेले. ती गॅदरिंगला थांबेल, वादविवादात बोलेल, सहलीलाही जाईल. उशीर झाला तर मी फाटकाशी उभा राहीन.” आणि ते खरोखरच उभे राहत, सायकल घेऊन. शेजारणींनी अम्मीला खूप बोल लावले. आपा पुढे शिक्षिका झाली तेव्हा त्याच शेजारणींनी आपल्या मुली तिच्याकडे शिकवणीला पाठवल्या.

वाचकहो, आज आपल्या मुली मोठ्या संख्येने कॉलेजात जातात, अल्हमदुलिल्लाह. पण पुष्कळ घरांत अजून तीच जुनी रीत चालते: तास, बस आणि घर. मुलांचेही वेगळे नाही. कॉलेजात नाव, आणि दिवसभर क्लासला. गुण मिळतात, पदवी मिळते. पण चारचौघांत उभे राहून बोलणे, थट्टा झेलणे, परक्या घरातल्या मुलाला आपलेसे करणे आणि आपली ओळख न सोडता त्याची भाषा शिकणे, याचा तास वेळापत्रकात लावता येत नाही. प्रवेश घेताना फी, निकाल आणि जाण्यायेण्याचा रस्ता आपण विचारतोच. गॅदरिंग कधी असते, तेही विचारून ठेवा, आणि त्या संध्याकाळी मुलीला आणायला जायचे असेल तर थोडे उशिराच जा.