रानाचे दफ्तर

मृगाचे पाणी जमिनीत पुरते मुरून आर्द्रा नक्षत्र लागते न लागते तोच सातारा-वाईकडच्या माळांवर, बांधांवर आणि ओढ्याकाठी जी लव उगवून येते, ती जाणाऱ्या-येणाऱ्याला एक सलग हिरवा रंग म्हणूनच दिसते; परंतु वनस्पती गोळा करून, दाबून, वाळवून त्यांना नावनिशीवार दफ्तरात दाखल करण्याचे काम ज्याच्या वाट्याला आले आहे, त्याला तो रंग सलग असा कधी दिसतच नाही. त्या हिरवेपणात त्याला केना वेगळा दिसतो, कुर्डू वेगळा, टाकळा वेगळा. भुईआवळीची, संयुक्त पान म्हणून सहज खपून जाणारी परंतु वास्तविक फांदीच असलेली डहाळी वेगळी. आणि त्या डहाळीच्या खालच्या अंगाला ओळीने लोंबणारी, मोहरीएवढी फुले पाहिल्यावाचून तो पुढे पाऊल टाकीत नाही. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत आणि तेथील हर्बेरियमची व्यवस्था पाहत माझी उमर गेली, तेव्हा या दृष्टीचे श्रेय मी स्वतःकडे घेत नाही; ते श्रेय कामाचे आहे. हाताने वाळवल्याशिवाय वनस्पती नीट दिसत नाही, अशी माझी पक्की धारणा झाली आहे.

या विषयाची गोडी लागलेल्या माणसाचा पहिला ओढा दुर्मीळाकडे असतो, आणि तो स्वाभाविकही आहे. कासच्या पठारावर भाद्रपदात फुलणारी सीतेची आसवे, दवबिंदूची चिकट तांबडी पाने, डबक्यातून वर आलेला वायतुरा यांच्यापुढे उभे राहिल्यावर कोणाचेही चित्त हरपावे. कंदिलपुष्पाविषयी तर मी तासन्‌तास बोलू शकेन: त्याच्या नळीच्या आतील केसांची टोके खाली वळलेली असतात, त्यामुळे गंधाला भुलून आत उतरलेल्या चिमुकल्या माशीला वर येता येत नाही, पुढे ते केस कोमेजून गळाले की परागांचे पुंजके अंगाला चिकटवून तिची सुटका होते, आणि दुसऱ्या फुलात ती पुन्हा अडकली म्हणजे परागणाचे कार्य तडीस जाते. इतकी सूक्ष्म योजना ज्या फुलात आहे ते फूल उपटून दाबाखाली घालावे, असे मला कधी वाटले नाही. अशा वनस्पतींच्या जागी छायाचित्र घ्यावे, टिपण करावे आणि हात मागे घ्यावा. राखीव क्षेत्रात तर वनखात्याच्या लेखी परवान्यावाचून पानालाही स्पर्श करू नये, हा शिरस्ता मी विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगतो. परंतु दुर्मीळाला जपणारे पुष्कळ आहेत, आणि ते असावेत. माझे मन गुंतले आहे ते सामान्यात, ज्याची नोंद करण्याची आवश्यकता कोणालाच वाटत नाही अशा तणांत आणि गवतांत. कारण वैविध्य म्हणून ज्याचा आपण गौरव करतो त्याचा फार मोठा हिस्सा आपल्या उंबऱ्यापासून हाकेच्या अंतरावर विनाचौकशी उगवतो आणि विनाचौकशी नाहीसा होतो.

केन्याचेच पाहा. कोणत्याही शेताच्या बांधावर, विहिरीच्या थारोळ्यापाशी, उसाच्या सरीत तो असतो. एकदा मेढ्याच्या वाटेवर भांगलण करणाऱ्या एका वृद्ध बाईंना मी मुद्दाम त्याचे नाव विचारले, कारण लेबलावर स्थानिक नाव लिहायचे ते त्या गावच्या माणसाच्या तोंडून ऐकूनच लिहावे, असा माझा आग्रह असतो. खुरपे थांबवून त्या म्हणाल्या, "आवो सर, केना न्हवं का ह्यो! सरावणात भजी करतो आमी ह्याची. पर लई चिवट. तोडून बांधावर फेकला तरी तितंच मूळ धरतंय." पेऱ्यापेऱ्याला मुळे फुटण्याचा या वनस्पतीचा जो गुणधर्म पाठ्यपुस्तकात एका ओळीत आटोपलेला असतो, तो त्या बाईंनी भांगलणीच्या कष्टातून जाणला होता, आणि त्यांच्या वाक्याचा आशय मी लेबलाच्या टिपणीत जसाच्या तसा उतरवून घेतला.

केन्याचे फूल सकाळीच पाहावे. दुपार कलली की त्याच्या पाकळ्या विरघळल्यासारख्या होऊन मिटतात आणि दाबाखाली घालण्याजोगे काही उरत नाही. दोन निळ्या पाकळ्या मोठ्या, अरुंद देठावर उभारलेल्या, तिसरी लहान. केसरांपैकी काहींत खरे पराग असतात, तर काही नुसतीच पिवळी, कीटकांच्या नजरेत भरण्यापुरती. हे सारे ज्या नरसाळ्यासारख्या हिरव्या छदातून बाहेर येते ते छद बोटांनी दाबले तर आतून बुळबुळीत, पारदर्शक द्रव निघतो. इथवरचे कोणालाही वाकून पाहिले म्हणजे दिसेल. परंतु संग्राहकाचा नियम असा की लहान वनस्पती मुळासकट घ्यावी, नुसता शेंडा खुडू नये. आणि हा नियम का केला आहे याचे उत्तर केना स्वतःच देतो. ओल्या जमिनीत खुरपी खोल घालून, ढेकूळ न फोडता अलगद उचलून, बादलीतल्या पाण्यात माती विरघळू दिली म्हणजे मुळांच्या जुडग्यातून पांढुरक्या, बिनपानांच्या काही शाखा निघालेल्या दिसतात, आणि त्यांच्या टोकांशी मिटलेली, रंगहीन फुले असतात. ही फुले कधीच उमलत नाहीत. त्यांना ऊन ठाऊक नाही, कीटक ठाऊक नाही. आतल्या आत स्वपरागण होऊन जमिनीखालीच त्यांची फळे धरतात. हवेतल्या फळांत बिया संख्येने अधिक आणि लहान, भूमिगत फळांत थोड्या आणि टपोऱ्या. वरच्या बिया इतस्ततः पांगाव्यात आणि खालच्या जिथल्या तिथे रुजून मालकी हक्क कायम राखावा, अशी ही दुहेरी तजवीज आहे. ज्या तणाला शेतकरी शिव्या देतो आणि शहरातला माणूस ओलांडून जातो, त्याच्या पोटात एवढा मजकूर दडलेला असतो, आणि तो वाचायला एक खुरपी व थोडी सबुरी यांपलीकडे कोणतेही भांडवल लागत नाही, हे जेव्हा एखाद्या मुलीच्या किंवा मुलाच्या प्रथमच लक्षात येते तेव्हा त्याच्या मुद्रेवर जो भाव उमटतो, त्यासाठीच मी इतकी वर्षे शिकवीत आलो.

आता वाळवण्याविषयी. पावसाळ्यात फुले भरपूर आणि ऊन दुर्मीळ, त्यामुळे आमच्या प्रांतात हे काम विशेष चिकाटीचे होते. जाळीदार लाकडी चौकटींच्या प्रेसमध्ये एक वर्तमानपत्र, त्यावर वनस्पती, पुन्हा वर्तमानपत्र, मध्ये टिपकागद, अशी चळत रचून पट्टे आवळायचे. आणि पहिले काही दिवस रोज, घरात कितीही कार्य असो, कागद बदलायचे. पहिल्या कागदबदलीला हयगय झाली की पाने काळवंडतात आणि बुरशी धरते. त्याच वेळी, पान अजून लवचीक असताना, चिमट्याने त्याची घडी मोडून एखादे पान उलटे करून ठेवावे, म्हणजे खालची बाजूही कायमची दृष्टीस राहते. उंच गवत असेल तर मोडून इंग्रजी एन अक्षराच्या आकारात बसवावे. मांसल वनस्पती आणि कंद यांची गोष्ट निराळी. ते दाबाखालीही जीव धरून राहतात, क्वचित कोंब काढतात, म्हणून त्यांना आधी उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवावे लागते. वाळलेला नमुना सुमारे 42 सेंटिमीटर लांब आणि 28 सेंटिमीटर रुंद अशा जाड कागदावर डिंकाने चिकटवून, जाड देठ दोऱ्याने टाचून, सुटी फुले व बिया लहान पाकिटात घालून तेथेच लावायच्या, आणि उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात लेबल.

लेबल हा या दस्तऐवजाचा प्राण. मौजे, तालुका, जिल्हा, समुद्रसपाटीपासूनची उंची, जमीन काळी की मुरमाड की जांभ्याची, सोबत काय उगवले होते, ताज्या फुलाचा रंग व वास, कारण निळा आणि गुलाबी हे रंग वाळताना सर्वांत आधी दगा देतात, तारीख, संग्राहकाचे नाव, अनुक्रमांक. वनस्पतीचे लॅटिन नाव चुकले तरी पुढचा जाणता मनुष्य नमुना पाहून ते दुरुस्त करू शकतो, आणि शेजारी आपल्या नावाची चिठ्ठी डकवतो. पण स्थळ आणि तारीख लिहायची राहून गेली तर ती जगातल्या कोणत्याही विद्वानाला भरून काढता येत नाही. माझ्या मते हस्ताक्षर वळणदार असणे हीदेखील संग्राहकाची एक पात्रता आहे.

थिओडोर कुक हे पेशाने अभियंता आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य. त्यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ सिद्ध केला, 1901 ते 1908 या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झालेला, तो आजही आमच्या टेबलावर रोज उघडला जातो. त्यातील एकेका जातीपुढे स्थळे आणि संग्राहकांची नावे दिलेली आहेत. ती वाचताना मला नेहमी वाटते की हा ग्रंथ एका माणसाचा नव्हे. कोकणात, घाटावर, खानदेशात, सिंधेत चिखल तुडवीत कागद बदलणाऱ्या अनेकांची ती सामायिक मिळकत आहे.

सामान्य वनस्पतीच्या नोंदीला पुढे काय मोल येते याचे एक उदाहरण मला फार प्रिय आहे. 1919 साली सेजविक आणि बेल या दोघांनी शरावतीच्या गिरसप्पा धबधब्यापाशी, तुषारांनी सतत भिजणाऱ्या जागेतून, एक नाजूक गवत गोळा केले. दिसायला त्यात डोळ्यांत भरण्यासारखे काही नव्हते. पुढे तीसएक वर्षांनी गवतांचे मर्मज्ञ बोर यांनी ते वाळलेले नमुने तपासून त्याला स्वतंत्र प्रजातीचा दर्जा दिला आणि क्यूच्या वनस्पतिउद्यानातील तज्ज्ञ हबर्ड यांच्या सन्मानार्थ तिचे नाव हबार्डिया ठेवले. शरावतीचे पाणी धरणात अडले, धबधब्याचा ओघ बदलला, आणि ते गवत नष्ट झाले असे मानले जाऊ लागले. मग एकविसाव्या शतकाच्या आरंभी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील श्रीरंग यादव आणि त्यांचे सहकारी यांना ते तिलारीच्या बाजूला, अशाच पाणथळ कड्यावर, जिवंत सापडले. ओळख पटली ती कशाच्या आधारे? कोणीतरी 1919 मध्ये नीट वाळवून, स्थळ लिहून ठेवलेल्या काही काड्यांच्या आधारे. त्या दोघांना त्या दिवशी ते गवत किरकोळ वाटून त्यांनी पुढची वाट धरली असती, तर तिलारीच्या कड्यावरचे गवत बोरांच्या वर्णनाशी ताडून पाहायला वर्णनच उपलब्ध नसते.

उलट बाजूही पाहावी. गाजरगवत आज खेडोपाडी इतके माजले आहे की ते अनादी काळापासून येथेच असावे असे तरुणांना वाटते. परंतु 1956 साली राव यांनी पुण्यातील नमुन्यांवरून भारतासाठी नवी नोंद म्हणून त्याविषयी टिपण प्रसिद्ध केले होते. उकिरड्यावरचे एक नवखे रोप कोणीतरी दखलपात्र मानले, म्हणून या आगंतुकाच्या प्रसाराचा हिशेब आपल्याला मांडता येतो.

गवतांविषयी सांगायचे तर ती ओळखणे कठीण, असा त्यांच्यावर आरोप आहे, आणि तो भिंग न वापरणाऱ्यांनी केलेला आहे. वाळलेले कणिशक उकळत्या पाण्यात टाकून मऊ करावे, दोन सुयांनी तुसे एकेक उलगडावीत. आत तीन केसर, पिसांसारख्या दोन कुक्षी, आणि तळाशी दोन इवल्या मांसल खवल्या आढळतात. या खवल्या पाण्याने फुगल्या म्हणजे तुसे अलग होतात आणि फूल उघडते. गवताला पाकळ्या नाहीत, पण फूल उघडण्याची कळ मात्र आहे. कुसळीच्या बीजाला जो पिळदार काटा असतो तो ओलाव्याने उलगडतो, सुकल्यावर पुन्हा पिळतो, आणि त्या पिळण्या-उलगडण्यातून बी मातीत घुसते. हा काटा तळहातावर ठेवून वर पाण्याचा थेंब सोडावा, मग तो जसा हलतो ते पाहणारा पुढे कधी विसरत नाही. वर्गात मी हा प्रयोग दरवर्षी करतो, आणि दरवर्षी मलाही तो नवाच वाटतो.

मुलांना मी पहिला नमुना घराच्या मागच्या अंगणातून आणायला सांगतो. कोणी हराळी आणतो, कोणी आघाडा, कोणी मोरीपाशी उगवलेली घोळ. आणि महिना सरता सरता त्यांपैकी काहीजण एस. टी.च्या थांब्यावर उभे असतानाही भिंतीच्या फटीत पाहू लागतात. नावे पाठ करणे मी फार काळ लांबणीवर टाकतो. आधी पान समोरासमोर की एकाआड एक, देठ गोल की चौकोनी, चीक आहे की नाही, हे हाताला कळावे. नाव मागाहून येते आणि आले म्हणजे टिकते.

यंदा आमच्याकडील एका रस्त्याच्या रुंदीकरणाचे काम मंजूर झाले आहे, आणि दोन्ही कडांची जुनी चारी बुजण्यापूर्वी तिच्यातील गवते व तणे क्रमवार गोळा करून ठेवण्याचे आम्ही ठरवले आहे. प्रत्येक नमुन्याच्या दोन प्रती करायच्या, एक आमच्या कपाटात आणि दुसरी पुण्याच्या मोठ्या संग्रहाकडे. शिवाय काळ्या रानातला, मुरमाडातला आणि भातखाचराच्या बांधावरचा केना शेजारी शेजारी वाळवून त्यांची भूमिगत फळे मोजायची आहेत, कारण जमीन कठीण असली म्हणजे तो खाली किती आणि वर किती बी धरतो हे मला नजरेने पाहायचे आहे. मुलांना प्रत्येकी एक खुरपी, जुनी वर्तमानपत्रे आणि पेन्सिल आणायला सांगितले आहे. पावसात शाई पसरते.